तास कमी करा, दिवस नको: बाळंतपणानंतर अर्धवेळ कामावर परतण्याची तयारी

बाळंतपणाची रजा संपत आली की "साहेब, काही महिने अर्धा दिवसच येते" असं तोंडी बोलून कामावर रुजू होणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. गोव्यात कुणी पर्वरीच्या ऑफिसात, कुणी वेर्ण्याच्या कारखान्यात, कुणी मडगावच्या कापडदुकानात. पगार निम्मा होणार हे त्यांनी मनाशी धरलेलं असतं. पण त्यासोबत पुढच्या बाळंतपणाचा हक्क, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांतलं काय निसटलं ते कळतं वर्षा-दोन वर्षांनी. तेव्हा हातात कागद नसतो.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. जे गरोदरपणातच करायचं ते बाळ झाल्यावर केलं जातं, आणि जे रुजू होण्याआधी लिहून घ्यायचं ते रुजू झाल्यावर मागितलं जातं. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

आधी दोन गोष्टी पक्क्या समजून घ्या. पहिली: १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे. "तो कायदा आता राहिला नाही" असं कुणी म्हणालं तर गडबडू नका. २६ आठवड्यांच्या रजेसह मुख्य हक्क संहितेत तसेच आहेत. दुसरी: अर्धवेळ काम मिळणं हा खासगी नोकरीत हक्क नाही. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याची मुभा दोघांच्या संमतीने देता येते, इतकंच कायदा म्हणतो. अर्धवेळही संमतीचाच मामला आहे. त्यामुळे तुमची सगळी ताकद तयारीत आणि लिहून घेण्यात आहे.

टप्पा १. पैसे कोण देणार ते शोधा

पगाराची स्लिप काढा आणि ईएसआयची कपात आहे का बघा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असतील, तर तुम्ही साधारणपणे ईएसआयमध्ये असता. मग रजेचे पैसे मालक देत नाही, ईएसआय महामंडळ देतं, आणि अर्जही तिकडेच करायचा. त्याहून जास्त पगार असेल तर रजेचा पगार मालकाने द्यायचा.

दोन्हीकडच्या अटी वेगळ्या आहेत, आणि इथेच गल्लत होते.

मालकाकडून लाभ हवा असेल तर अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे.

ईएसआयकडून हवा असेल तर आधीच्या सलग दोन वर्गणी कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. हे कालावधी ठरलेले आहेत: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. लाभ सुरू होणार असेल २०२७ च्या जानेवारी ते जून या सहामाहीत, तर हिशोबात येतात ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६ आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हे कालावधी. म्हणजे १ ऑक्टोबर २०२६ पासून कितीही दिवस भरले तरी त्या लाभासाठी ते मोजत नाहीत.

दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात किंवा कुणाच्या घरी काम करणाऱ्या बाईपर्यंत या रजेचा कायदा पोचत नाही. हे फार मोठं भगदाड आहे आणि त्यात गोव्यातल्या कितीतरी कष्टकरी बायका पडतात. त्यांनी टप्पा ४ मधल्या सरकारी योजनांवर जास्त लक्ष द्यावं.

कंत्राटावर असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलं, की लाभाला पात्र ठरल्यावर मध्येच कंत्राटाची मुदत संपली तरी मातृत्व लाभ पूर्ण द्यावा लागतो.

*तपासा:* स्लिपवरचा ईएसआयचा विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) वहीत लिहिला का? त्या दोन्हींवर नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का? लग्नानंतर नाव बदललं असेल तर ही दुरुस्ती आत्ताच करा. ओल्या बाळंतिणीला ऑफिसांच्या खेपा जमत नाहीत.

टप्पा २. रजेआधी पगार घटू देऊ नका

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सातव्या महिन्यात पाय सुजतात, बसने ये-जा नकोशी होते, आणि प्रेमळ मालकसुद्धा म्हणतो, "अर्धा दिवस येत जा, अर्धा पगार घे." त्या वेळी बरं वाटतं. पण रजेचा पगार ठरतो तो रजेवर जाण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत कामाच्या दिवसांना मिळालेल्या सरासरी मजुरीवर. ते तीन महिने अर्ध्या पगाराचे गेले, तर पुढचे २६ आठवडेही अर्ध्या दराने.

महिना २४,००० रुपये पगार असलेल्या बाईला २६ आठवड्यांचे, म्हणजे जवळपास सहा महिन्यांचे, अंदाजे १,४४,००० रुपये मिळायला हवेत. शेवटचे तीन महिने अर्धा दिवस गेली तर हातात येतात ७२,००० च्या आसपास.

मग करायचं काय? अर्धा दिवस मागू नका, हलकं काम मागा. प्रसूतीआधीच्या ठरावीक काळात जड काम, फार वेळ उभं राहून करायचं काम नको, अशी विनंती गरोदर स्त्री करू शकते, आणि त्या कारणाने पगार कापता येत नाही. दुकानात उभी असाल तर गल्ल्यावर बसण्याचं काम, कारखान्यात लाइनवर असाल तर तपासणीचं किंवा नोंदींचं काम मागा. तेही झेपत नसेल तर अर्ध्या दिवसाऐवजी साठलेली भरपगारी रजा वापरा.

टप्पा ३. तारखा कागदावर मांडा, मगच नोटीस द्या

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. आधीची दोन मुलं असतील तर रजा १२ आठवडे, त्यातले सहा आधी.

१ जून २०२६ पासून रजा सुरू केली तर शेवटचा दिवस येतो २९ नोव्हेंबर आणि रुजू व्हायचं ३० नोव्हेंबरला, सोमवारी. त्याच आठवड्यात ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, पुढे १९ तारखेचा मुक्तिदिन, मग नाताळ. हॉटेलात किंवा पर्यटनाच्या धंद्यात असाल तर ऐन सीझनमध्ये अर्धवेळाची गोष्ट काढणं कठीण जातं. म्हणून तारीख आधी मांडा, आणि ती अशी अडचणीची येत असेल तर बोलणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उरका.

डॉक्टरची हरकत नसेल तर प्रसूतीआधी कमी आठवडे घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आठही आठवडे आधी वापरले तर रुजू होताना बाळ चार महिन्यांच्या थोडं पुढे असतं. दोनच आठवडे आधी घेतले तर ते साडेपाच महिन्यांचं होतं, म्हणजे वरचं अन्न सुरू व्हायच्या अगदी जवळ. बाळ सांभाळणाऱ्यालाही हा फरक फार जाणवतो. तब्येत नाजूक असेल तर मात्र हा विचार बाजूला ठेवा.

नोटीस लेखी द्या. कोणत्या तारखेपासून रजा, पैसे कुणाच्या खात्यात, आणि रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढं त्यात हवं. आधी नोटीस द्यायची राहिली तर प्रसूतीनंतर लवकरात लवकर देता येते, तेवढ्यावरून हक्क बुडत नाही. मालकाकडून लाभ असेल तर प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ, आणि उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात.

*सावधान:* प्रसूतीनंतरचे सहा आठवडे कामाला पूर्ण बंदी आहे. त्यानंतरही रजा चालू असताना "आठवड्यातून दोन दिवस थोडा वेळ येऊन जा" याला होकार देऊ नका. रजेत मोबदला घेऊन काम केलं तर तेवढ्या काळाचा लाभ जातो. ईएसआयचाही नियम असाच आहे. अर्धवेळ काम सुरू करायचं ते रजा संपल्यावर, रजेच्या पोटात नव्हे.

टप्पा ४. बाळ झाल्यावरचे कागद

या काळात घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धावपळ करायची आहे. नवरा, दीर, भाऊ, कुणाचं तरी नाव आधीच ठरवून ठेवा आणि ही यादी त्याच्या हातात द्या.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. पालिका किंवा पंचायत क्षेत्राप्रमाणे, इस्पितळातून झाली नसेल तर स्वतः जाऊन. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळाला शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार आहे. त्यामुळे आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, स्पेलिंग सगळं तिथेच पुन्हा पुन्हा वाचून घ्या.

मुलगी झाली असेल आणि प्रसूती नोंदणीकृत इस्पितळात झाली असेल, तर गोवा सरकारच्या ममता योजनेतून आईला १०,००० रुपये मिळतात, जास्तीत जास्त दोन प्रसूतींसाठी. अर्ज अंगणवाडीतून जातो.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास एकरकमी ६,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, ई-श्रम कार्ड, दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड अशा निकषांपैकी एक पुरेसा आहे. हप्ते गरोदरपणातल्या तपासणीशी, जन्मनोंदणीशी आणि बाळाच्या साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसींशी जोडलेले आहेत. अर्ज बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत गेला पाहिजे.

*सावधान:* नियमित सरकारी नोकरी असलेल्या किंवा कायद्याने तसाच लाभ, म्हणजे भरपगारी बाळंतरजा, घेणाऱ्या बाईला मातृवंदना योजना लागू नाही. "कुणी बघत नाही" म्हणून दोन्हीकडे सही करू नका. उलट ज्यांना पगारी रजा मिळालीच नाही, त्या छोट्या दुकानातल्या, शेतातल्या, मासळी विकणाऱ्या बायकांनी ती सोडू नये.

मालकाकडून लाभ घेणाऱ्यांनी आणखी एक विचारायचं असतं ते राहून जातं. मालकाने प्रसूतीआधीची आणि नंतरची वैद्यकीय सेवा मोफत दिली नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस द्यावा लागतो. रक्कम मोठी नाही, पण हक्काची आहे.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड असेल तर त्यावर बाळाचं नाव चढवा. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण आहे आणि चार किंवा जास्त जणांना चार लाखांचं. बाळामुळे तुम्ही तिनाच्या चार झालात तर रक्कम बदलते. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं नामांकनही याच वेळी नवं करा.

टप्पा ५. अर्धवेळ म्हणजे नेमकं काय, ते स्वतःशी ठरवा

इथे घाई करू नका. आठवड्याला २४ तास काम करायचं ठरलं, तर ते दोन तऱ्हांनी करता येतं: रोज चार तास असे सहा दिवस, किंवा आठ तास असे तीन दिवस. पगार तोच. पुष्कळ जणी दुसरी तऱ्हा निवडतात, कारण "चार दिवस तरी बाळाजवळ" असं वाटतं. पण बहुतेक हक्क मोजले जातात ते दिवसांवर, तासांवर नाही.

पुढच्या बाळंतपणाची ८० दिवसांची अट घ्या. सहा दिवस जाणारी साधारण चौदा आठवड्यांत ती पुरी करते. तीन दिवस जाणारीला सत्तावीस आठवडे लागतात. ईएसआयच्या ७० दिवसांचंही तसंच.

भरपगारी रजा घ्या. कामाच्या परिस्थितीविषयीच्या नव्या संहितेप्रमाणे कामगाराने वर्षात १८० दिवस भरले तर दर २० दिवसांमागे एक दिवस रजा मिळते. आठवड्याला तीन दिवस म्हणजे वर्षाला जेमतेम दीडशे. रजेचा हक्कच उभा राहत नाही.

ग्रॅच्युइटी घ्या. सेवा अखंड आहे की नाही यावर वाद झाला, की वर्षात २४० दिवस भरले का ते पाहिलं जातं, आणि आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेत १९० दिवस. बाळंतपणाची २६ आठवड्यांपर्यंतची रजा या दिवसांत धरली जाते, पण त्यानंतरची वर्षं तुम्हालाच भरायची असतात.

यावरून माझा हिशोब असा. पाच दिवस चालणाऱ्या ऑफिसात चार दिवसांच्या खाली उतरू नका. चार दिवस म्हणजे वर्षाला २०८. सहा दिवस चालणाऱ्या दुकानात, हॉटेलात, कारखान्यात पाच दिवसांच्या खाली उतरू नका. पाच दिवस म्हणजे २६०. त्या मर्यादेत राहून तास हवे तेवढे कमी करा.

याला एक खरी अडचण आहे, ती प्रवासाची. साखळीहून किंवा काणकोणहून पणजीला रोज चार तासांच्या कामासाठी यायचं तर जाण्यायेण्यात तितकाच वेळ जातो आणि बसभाडं निम्म्या पगारातून पूर्णच जातं. अशा वेळी चार दिवस सहा तासांचे, किंवा तीन दिवस ऑफिसात आणि एक-दोन दिवस घरून, असं मागा. घरून केलेला दिवसही कामाचाच दिवस आहे, फक्त तो हजेरीत तसा लागला पाहिजे, आणि पत्रात तसं लिहिलेलं पाहिजे.

दुकानात काम करणाऱ्यांना गोव्यात एक सोय आयतीच आहे. बरीच दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होऊन साडेतीन-चारला उघडतात. सकाळची बाजू पूर्ण आपल्याकडे घ्यायची आणि संध्याकाळची दुसऱ्या कुणाला द्यायची, ही वाटणी मालकालाही सोपी जाते. हॉटेलात मात्र ब्रेक शिफ्टला हो म्हणू नका. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, म्हणजे कागदावर अर्धवेळ आणि प्रत्यक्षात सगळा दिवस. एकसलग पाळीच मागा.

*सावधान, आणि हे दोनदा वाचा:* "राजीनामा द्या, आम्ही तुम्हाला अर्धवेळ म्हणून नवीन घेतो" याला कधीही तयार होऊ नका. जुनी सेवा तिथेच तुटते, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा मोजावी लागतात. नेमणूक तीच राहू दे, फक्त तिच्या अटींत तात्पुरता बदल होऊ दे.

ग्रॅच्युइटीची दुसरी बाजूही सांगते. ती दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार (महिना २६ दिवसांचा धरून) या दराने मिळते, आणि पगार धरला जातो शेवटचा. आठ वर्षं २४,००० वर काम केलेल्या बाईची रक्कम होते १,१०,७६९ रुपये. तीच बाई अर्धवेळाच्या १२,००० वर असताना नोकरी सोडून गेली, तर आठही वर्षांचा हिशोब १२,००० वर होऊन ५५,३८५ रुपयांवर येतो. नोकरी सोडायचीच असेल तर आधी पूर्णवेळ व्हा, मग सोडा.

गोवा सरकारच्या नियमित नोकरीत असाल तर हा टप्पा तुमच्यासाठी वेगळा आहे. १८० दिवसांची बाळंतरजा संपल्यावर बालसंगोपन रजा आहे: सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवस, पहिल्या दोन मुलांसाठी, ती अठरा वर्षांची होईपर्यंत. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. सगळी एकदम संपवू नका. दहावीच्या वर्षीही ती लागते.

टप्पा ६. लेखी मागा, लेखी घ्या

रुजू व्हायच्या तारखेच्या सहा ते आठ आठवडे आधी अर्ज द्या. गणेशचतुर्थीच्या आठवड्यात किंवा डिसेंबरच्या अखेरीस देऊ नका, तो टेबलावरच राहतो. आधी वरिष्ठांशी तोंडी बोला, मग त्याच दिवशी ईमेल किंवा पोचसहीचा अर्ज. मजकूर असा ठेवता येईल. ऑफिसचा व्यवहार इंग्रजीत असेल तर याच मुद्द्यांवर इंग्रजीत लिहा.

"माझी बाळंतपणाची रजा २९ नोव्हेंबर २०२६ रोजी संपते आणि मी ३० नोव्हेंबरला रुजू होत आहे. ३० नोव्हेंबर २०२६ ते ३१ मे २०२७ या काळात माझ्या कामाची वेळ सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते १ अशी ठेवावी, ही विनंती. या काळात माझी सेवा अखंड मानावी, पीएफ व ईएसआय पूर्वीप्रमाणे चालू ठेवावं आणि १ जून २०२७ पासून मला पूर्वीच्या पदावर, पूर्वीच्या पूर्ण पगारावर घ्यावं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत स्तनपानासाठीच्या दोन विश्रांती नियमाप्रमाणे मिळाव्यात. या वेळेत मी पुढील कामं पूर्ण करेन: …"

शेवटची ओळ सोडू नका. साहेबाला खरी काळजी असते ती "उरलेलं काम कोण करणार" याची. त्याचं उत्तर तुम्हीच दिलंत तर अर्धी बोलणी तिथेच संपते. दुपारचे हिशोब कुणाकडे, गिऱ्हाइकांचे फोन कुणाकडे, महिनाअखेरीला एखादा दिवस जास्त थांबणार का, सगळं नेमकं लिहा.

उत्तराच्या पत्रात या गोष्टी आहेत का बघा: सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख, आठवड्याचे दिवस आणि तास, नवा पगार आकड्यात, सेवा अखंड असल्याचा उल्लेख, पूर्वपदावर परत घेण्याचा उल्लेख. यांतली संपण्याची तारीख सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. ती नसेल तर तात्पुरतं अर्धवेळ कधी कायमचं झालं ते कळतही नाही.

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा असेल तर तो अर्धवेळ काळात चालू राहतो का, हेही विचारा. आणि पगार कमी होऊन तुम्ही २१,००० च्या आत येत असाल तर ईएसआय लागू होतं का, हे एचआरकडून लेखी घ्या. लागू झालं तर कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के आहे आणि त्यात बाळाचे उपचारही येतात. मडगावला ईएसआयचं इस्पितळ आहे.

टप्पा ७. गृह आधारचा हिशोब रुजू होण्याआधी

तुम्हाला गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना १,५०० रुपये मिळत असतील, किंवा अर्ज करायचा विचार असेल, तर नवराबायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलं पाहिजे. शिवाय १५ वर्षं गोव्यात वास्तव्य हवं. त्याचे दाखले मामलेदार कार्यालयातून काढावे लागतात.

नवऱ्याचं उत्पन्न वर्षाला १,९२,००० आहे असं धरा. तुम्ही अर्धवेळ ८,००० रुपयांवर गेलात तर बेरीज २,८८,०००, म्हणजे मर्यादेत. ९,५०० वर गेलात तर ३,०६,०००, म्हणजे बाहेर. महिना दीड हजार पगार वाढला आणि महिना दीड हजारांचं अनुदान गेलं. हातात शून्य वाढ. हा हिशोब पगाराची बोलणी करण्याआधी मांडा. नंतर मांडून उपयोग नाही. पूर्णवेळ झाल्यावर तर मर्यादा ओलांडली जाणारच, त्यामुळे केवळ दीड हजारांसाठी पगार कमी सांगणं किंवा कामाचे दिवस घटवणं मला मान्य नाही.

*सावधान:* मर्यादा ओलांडली तर पणजीच्या महिला व बाल विकास संचालनालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. गप्प राहिलात तर नंतर वसुली होऊ शकते.

टप्पा ८. दूध आणि बाळ सांभाळणारं माणूस

रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी दूध काढायचा सराव सुरू करा. पहिल्या दिवशी थोडंसंच येतं, घाबरू नका. सकाळी पहिल्या पाजण्यानंतर दुसऱ्या बाजूचं काढा. काढलेलं दूध २५ अंशांच्या आत चार तास टिकतं. गोव्यात मार्च ते मेमध्ये घरात तेवढा गारवा नसतो, म्हणून ते बाहेर ठेवूच नका, लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस चालतं, दारातल्या कप्प्यात नको. वीज फार वेळ गेली तर शंका असलेलं दूध टाकून द्या. देताना भांडं गरम पाण्यात धरून कोमट करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांनंतर परत देऊ नका.

हे आजीला, सासूबाईंना, ताईला, जी कुणी सांभाळणार तिला नुसतं सांगू नका, करून दाखवा. मग रुजू होण्याआधीच्या आठवड्यात तीन-चार सकाळी खरोखर चार तास घराबाहेर राहा. बाळ वाटी-चमच्याने घेतं का, कधी झोपतं, कशाने रडतं, ते तेव्हाच कळतं. आई घरात असताना बाळ दुसऱ्याच्या हातून दूध घेत नाही, तेव्हा शेजारच्या खोलीत बसून केलेल्या सरावाचा उपयोग नाही.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते, आणि विश्रांतीच्या वेळेसह दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं असतं. वेर्ण्याच्या, कुंडईच्या मोठ्या कारखान्यांत असाल तर हे नक्की विचारा. स्तनपानाच्या दोन विश्रांती जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त आहेत आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. "अर्धवेळ आहात, मग विश्रांती कशाला" असा अपवाद कायद्यात नाही. दूध काढायलाही तीच वेळ वापरा, आणि त्यासाठी कडी असलेली खोली आधीच दाखवून घ्या.

नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लशीचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तोवर तुम्ही कामावर असाल आणि त्या दिवसाची रजा आधी सांगितलेली बरी.

टप्पा ९. पहिली स्लिप, पहिला महिना

पहिल्या पगाराची स्लिप हातात आली की पत्राशेजारी ठेवा. पगार पत्राप्रमाणे आहे का? पीएफ कापला का, आणि तो यूएएन पासबुकात जमा दिसतो का? हजेरीत तुमचे चार तास "एक दिवस" म्हणून लागले की "अर्धा दिवस"? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मस्टरवर अर्धा दिवस लागत असेल तर टप्पा ५ मधलं सगळं गणित वादात सापडतं. तुमच्यासाठी चार तास हाच ठरलेला कामाचा दिवस आहे, हे पत्र दाखवून पहिल्याच महिन्यात दुरुस्त करून घ्या. सहा महिन्यांनी जुनं मस्टर कुणी बदलत नाही.

आपली स्वतःची हजेरी एका वहीत ठेवा: तारीख, आत-बाहेर वेळ, घरून केलं तर तसं.

टप्पा १०. अडलं तर

रजेत असताना कामावरून काढलं, किंवा रजेच्या काळात तुमच्या नुकसानीच्या अटी लादल्या, तर ते बेकायदेशीर आहे. तसा हुकूम कळल्यापासून ६० दिवसांत दाद मागायची असते. साठ दिवस म्हणजे बाळाच्या धावपळीत डोळ्यांदेखत सरणारा काळ, म्हणून हुकमाचं पत्र किंवा मेसेज आला ती तारीख लगेच लिहून ठेवा. पैसे दिले नाहीत किंवा कमी दिले तर कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. मुख्य कार्यालय पणजीत पाटो इथल्या श्रम शक्ती भवनात आहे. ईएसआयचे पैसे अडले असतील तर तक्रार कामगार आयुक्तांकडे नेऊन उपयोग नाही, ती ईएसआयच्या शाखा कार्यालयातच द्यायची.

सोबत न्यायचं ते एवढंच: नेमणूकपत्र, रजेआधीच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, रजेच्या नोटिशीची पोच, जन्मदाखला, अर्धवेळाचं पत्र आणि बँकेचं पासबुक. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या, आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.